जुन्या घरातील वीज आणि तिच्या तक्रारी

वसंत व्याख्यानमालेत बहुधा साहित्य, तत्त्वज्ञान, इतिहास, राजकारण अशा विषयांवर थोर वक्ते बोलतात. अशा व्यासपीठावर फ्यूज, बटन आणि वायर ह्यांविषयी बोलण्यास आम्हांस बोलाविले, तेव्हा प्रथम संकोच वाटला. परंतु व्याख्यान ऐकून श्रोता रात्री परततो तो कोणत्या घरात, असा विचार केला आणि संकोच गेला. आपल्या शहरांतून आजही असंख्य माणसे पन्नास-साठ, कित्येक तर शंभर वर्षांच्या वाड्यांत आणि चाळींत राहतात. घराची कौले कधी शाकारली, रंग कधी दिला, हे घरातील माणसे नेमके सांगतात. भिंतीवरील तार कोणत्या साली घातली, हे मात्र फार थोड्यांना सांगता येते.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. १९८२ साली मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. वडील गिरणीत होते. ते काम त्यांना पुन्हा मिळाले नाही. शाळा सुटल्यावर आम्ही चाळीतल्याच एका वायरमनकाकांची शिडी धरू लागलो. पुढे रात्रशाळा, वाचनालयातील पुस्तके आणि परीक्षा देऊन मिळविलेला तारतंत्रीचा परवाना, एवढेच आमचे शिक्षण. गेली पंचवीस-तीस वर्षे वीजकामगारांच्या संघटनेचे काम करीत आहोत. त्या कामात एक गोष्ट पक्की कळली. तक्रार म्हणजे बंड नव्हे. तिचे कारण शोधले तर कारखाना चालतो. तिचे तोंड दाबले तर एक दिवस काहीतरी भयंकर घडते. जुन्या घरातील विजेची गोष्ट अगदी अशीच आहे. फ्यूज उडणे, बटन तापणे, नळाला हात लावताच मुंग्या येणे, ह्या तिच्या तक्रारी होत. त्या ओळखाव्या कशा आणि त्यांचे मूळ शोधावे कसे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

घर जुने म्हणजे काय?

१९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. गिरणीत वीज आली म्हणून कामगाराच्या खोलीत ती लगेच आली असे नाही. कित्येक चाळींत ती फार मागाहून आली, आणि आली तीही एका दिव्यापुरती. त्या काळचे काम पाहिले तर सागवानी पट्टीच्या खोबणीतून दोन तारा नेलेल्या आणि वर झाकणाची पट्टी ठोकलेली आढळते. वायरमन तिला केसिंग-कॅपिंग म्हणतात. तार तांब्याची, वर कल्हई आणि रबराचे आवरण. पुढे सपाट लाकडी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी तारा बसवू लागले. त्यानंतर तांब्याच्या टंचाईच्या वर्षांत ॲल्युमिनिअमच्या तारा आल्या, आणि त्याबरोबर प्लॅस्टिकचे आवरण आले. एकाच वाड्यात ह्या साऱ्या पिढ्या एकत्र नांदताना आम्ही पाहिल्या आहेत.

रबर उष्णतेने व वयाने वाळते. दिव्याच्या होल्डरजवळ आणि छताच्या रोजमध्ये ते आधी वाळते, कारण तेथे वर्षानुवर्षे तारेच्या दिव्याची धग लागलेली असते. असे रबर हात लावताच पापडासारखे तुटते. ॲल्युमिनिअमचा दोष निराळा आहे. स्क्रूखाली दाबली गेलेली ही मऊ तार हळूहळू सरकते, हवेने तिच्यावर वीज न वाहणारा पातळ थर चढतो, आणि जोड सैल होतो. तिसरी गोष्ट बोजाची. दिवे आणि एखादा पंखा एवढ्यासाठी घातलेल्या ‘एक अठरा’ किंवा ‘तीन बावीस’च्या तारेवर आज गीझर, इस्त्री, मिक्सर आणि थंड हवेचे यंत्र चालते. तार तीच राहिली आहे. तिचे काम मात्र दसपट झाले आहे.

पुढील विवेचनासाठी एक मूळ गोष्ट ध्यानात धरावी. आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते. ती फेजच्या तारेने येते, उपकरणातून जाते आणि न्यूट्रलच्या तारेने परत जाते. तिसरी तार अर्थची. ती एरव्ही रिकामी असते आणि संकटकाळी वीज जमिनीत नेते. जेवढी वीज गेली तेवढी परत आली पाहिजे, हा विजेचा जमाखर्च होय. तो तीन प्रकारे बिघडतो: वाजवीपेक्षा जास्त वीज वाहते, वाटेत जोड सैल होतो, किंवा वीज भलतीकडे गळते.

पहिली तक्रार: फ्यूज उडणे

२००० वॉटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर वीज घेतो आणि १००० वॉटची इस्त्री ४.३ अँपिअर. दोन्ही मिळून १३ अँपिअर झाले. तारेत उत्पन्न होणारी उष्णता विजेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४ अँपिअर वाहणाऱ्या तारेत १२ अँपिअर वाहू लागले, तर उष्णता तिप्पट नव्हे, नऊपट होते. ही उष्णता लाकडी पट्टीत, वाळलेल्या रबराच्या आत कोंडली जाते. फ्यूजची बारीक तार त्याआधी वितळावी, म्हणून ती घातलेली असते. ती वारंवार वितळते म्हणून तेथे जाड तार, किंवा आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे त्याप्रमाणे केसांची पिन घालणे, म्हणजे तक्रार करणाऱ्यालाच कामावरून काढणे होय. मग वितळण्याची पाळी भिंतीतील तारेवर येते.

फ्यूज उडाला तर मेन स्विच बंद करून किटकॅट काढावा आणि तो नीट पाहावा. तार मध्येच तुटून टोकांना लहान गाठी झाल्या असतील, तर बहुधा बोजा जास्त झाला. तार नाहीशी होऊन चिनी मातीवर काळा डाग किंवा धातूचे शिंतोडे उडाले असतील, तर शॉर्ट झाला, म्हणजे फेज व न्यूट्रल एकमेकांस भिडले.

ह्यानंतर घरातील सर्व प्लग काढावेत आणि सर्व बटने बंद करावीत. योग्य मापाची फ्यूजतार घालून किटकॅट बसवावा आणि मेन चालू करावा. फ्यूज लगेच उडाला तर दोष वायरिंगमध्येच आहे. येथे घरमालकाने थांबावे आणि परवानाधारक तारतंत्री बोलवावा. न उडाल्यास एकेक दिवा, एकेक पंखा, मग एकेक उपकरण चालू करीत जावे. ज्याच्या वेळी फ्यूज उडेल तो दोषी. एकेकटे सर्व चालतात आणि एकत्र लावले की फ्यूज उडतो, असे झाले तर कोणीही दोषी नाही. बोजा तारेला पेलत नाही एवढेच. गीझरसाठी मेनपासून स्वतंत्र जाड तार घालणे हाच त्यावर उपाय. नव्या घरात किटकॅटच्या जागी आपोआप पडणारा स्विच असतो, पण शोधण्याची रीत हीच.

वायरिंगमधील दोष जुने वायरमन कसा शोधतात तेही सांगतो, म्हणजे घरी आलेला माणूस काम करतो की अंदाज बांधतो हे कळेल. सर्व उपकरणे सोडवून तो फ्यूजच्या जागी शंभर वॉटचा तारेचा दिवा जोडतो. दिवा पूर्ण पेटला तर पुढे शॉर्ट आहे. मग तो वाटेतील एक जंक्शन बॉक्स उघडून पुढचा अर्धा भाग सोडवतो. दिवा विझला तर दोष सोडविलेल्या भागात. तसाच पेटत राहिला तर अलीकडच्या. असे अर्ध्याचे अर्धे करीत गेले की साऱ्या घराचे वायरिंग न उखडता तीन-चार पायऱ्यांत दोष हाती लागतो. बाजारात आता तारेचे दिवे क्वचित मिळतात, म्हणून शहाणा वायरमन एक जपून ठेवतो. एलईडी दिवा ह्या कामी चालत नाही.

दुसरी तक्रार: लुकलुकणे, तापणे, अर्धवट बंद पडणे

ही तक्रार फ्यूजला ऐकूच येत नाही, म्हणून ती अधिक घातक. एखाद्या प्लगमधील स्क्रू सैल आहे आणि तेथे अर्धा ओहम एवढाच अडथळा आहे असे समजा. तेथून ९ अँपिअर वीज वाहिली तर त्या वाटाण्याएवढ्या जागी सुमारे ४० वॉट उष्णता निघते. कथील वितळविणारी सोल्डरिंगची लहान इस्त्री २५ वॉटची असते, ह्यावरून कल्पना यावी. आणि वीज वाढलेली नसल्यामुळे फ्यूज स्वस्थ असतो. येथे पहारा नाकाने, कानाने आणि हाताच्या पाठीने करावा लागतो. बटनाजवळ बॅकेलाईट जळाल्याचा मासळीसारखा उग्र वास, चरचर आवाज, तपकिरी डाग, कोमट झालेला प्लग, ह्यांपैकी एकही दिसल्यास मेन बंद करावा आणि ते ठिकाण उघडून घेतल्यावाचून पुन्हा चालू करू नये. जळकी तार कापून ताजे टोक काढावे, प्लग बदलावा. जुनाच स्क्रू आवळून भागत नाही, कारण एकदा तापलेल्या पितळेच्या पकडीत जोर उरत नाही.

सैल जोड न्यूट्रलमध्ये असेल तर कोडे पडते. पंखा बंद, दिवा बंद. पण प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. घरचे म्हणतात, “वीज तर दुप्पट आहे, मग दिवा का लागत नाही?” वीज दुप्पट नसते. फेजमधून आलेली वीज चालू राहिलेल्या दिव्यातून न्यूट्रलच्या तारेत जाते. पुढे ती तार तुटलेली असल्यामुळे परत जाऊ शकत नाही आणि तेथेच तिष्ठत राहते. जुन्या कामात न्यूट्रललाही फ्यूज घालीत. तो एकटा उडाला तरी हेच होते: घर काळोखात, पण तारा जिवंत. म्हणून न्यूट्रलचा फ्यूज आढळल्यास तो काढून तेथे पक्का जोड करून घ्यावा.

साऱ्या इमारतीचा न्यूट्रल तुटला तर ह्याहून मोठे अरिष्ट येते. तीन फेज खोल्याखोल्यांत वाटलेले असतात आणि दोन फेजांमधील दाब ४०० व्होल्ट असतो. सामाईक न्यूट्रल गेला की एका खोलीत दिवे मंद होतात आणि शेजारच्या खोलीत डोळे दिपतील असे पेटून फुटू लागतात. कधी दिवे असे वेडेवाकडे पेटताना दिसले, तर कारण शोधीत बसू नये; धावत जाऊन आपला मेन बंद करावा, शेजाऱ्यांना करावयास लावावा आणि वीजकंपनीला कळवावे.

तिसरी तक्रार: मुंग्या येणे

काही वर्षांपूर्वी एका जुन्या चाळीतून आम्हांस निरोप आला की तिसऱ्या मजल्यावरचा नळ ‘चावतो’. एक बाई कपडे धुताना नळ धरल्याबरोबर मागे फेकली गेली होती. नशिबाने हात सुटला. आम्ही गेलो तेव्हा लोक म्हणाले, “पाण्यात वीज आली.” पाण्यात वीज येत नसते, ती कोठून तरी निघालेली असते. एकेका खोलीचा मेन बंद करीत गेलो तेव्हा सापडले ते असे. दोन खोल्या पलीकडे एका गीझरची आतली कांडी फुटली होती आणि वीज त्याच्या लोखंडी अंगावर उतरली होती. त्या खोलीची अर्थची तार पूर्वीच्या रिवाजाप्रमाणे पाण्याच्या नळालाच गुंडाळलेली होती. नळ लोखंडी होता आणि जमिनीत जात होता तोवर हे कसेबसे चालले. पण मधल्या काळात खालचा गंजलेला नळ काढून प्लॅस्टिकचा घातला गेला. प्लंबरने आपले काम चोख केले होते. नळ हाच कोणाचा अर्थ आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते. जमिनीची वाट तुटली आणि साऱ्या मजल्याचा नळ जिवंत झाला. ओल्या फरशीवर उभी असलेली ती बाई त्या विजेची नवी वाट झाली.

“मग फ्यूज का उडाला नाही?” असे तिच्या यजमानांनी आम्हांस विचारले. ह्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घरात पाठ असावे. माणसाच्या अंगातून ३० मिलीअँपिअरहून अधिक वीज काही क्षण वाहिली तर हृदयाची लय बिघडून प्राण जाण्याचा धोका असतो. ५ अँपिअरचा फ्यूज म्हणजे ५००० मिलीअँपिअर. आणि फ्यूजची साधी तार लगेच वितळण्यास त्याच्याही जवळजवळ दुप्पट वीज लागते. माणूस मरेल एवढी वीज फ्यूजच्या खिजगणतीतही नसते. फ्यूज तारेचा रखवालदार आहे, माणसाचा नव्हे.

माणसाचा रखवालदार निराळा. त्यास आरसीसीबी म्हणतात. तो गेलेली व परत आलेली वीज सतत ताडून पाहतो आणि ३० मिलीअँपिअरची तूट आढळली की निमिषात मेन तोडतो. जुन्या घरात तो बसविला की पुष्कळदा पहिल्याच दिवशी पडतो. तेव्हा लोक म्हणतात, “यंत्र खराब आहे, काढून टाका.” यंत्र बहुधा ठीक असते. एका वाटेची फेज आणि दुसऱ्या वाटेचा न्यूट्रल असे उसने व्यवहार जुन्या वायरिंगमध्ये झालेले असतात, किंवा ओल्या भिंतीतून गळती असते. यंत्र ते प्रामाणिकपणे सांगते. वाटा वेगळ्या कराव्या, गळती बुजवावी, पण यंत्र काढू नये. त्यावरील चाचणीचे बटन महिन्यातून एकदा दाबून पाहावे. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरणाऱ्यास हा रखवालदारही वाचवीत नाही, कारण त्याच्या लेखी जमाखर्च बरोबरच असतो. आणि हे यंत्र आहे म्हणून अर्थची तार नको, असेही समजू नये.

गळती मोजण्याचे साधन मेगर. घरगुती वायरिंगची परीक्षा ५०० व्होल्टवर करतात. तारा आणि जमीन ह्यांमधील रोध निदान १ मेगोहम भरला पाहिजे. जुन्या चुन्याच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात. म्हणून आषाढात येणाऱ्या मुंग्या दिवाळीत नाहीशा होतात आणि घरचे निश्चिंत होतात. दोष गेलेला नसतो. तो वाळलेला असतो.

हात लावण्यापूर्वी

आमच्या एका सहकाऱ्याने एका वाड्यात किटकॅट काढून मेनबोर्डावरच ठेवला आणि शिडीवर चढला. घरातील कोणीतरी पंखा बंद का म्हणून पाहिले आणि सदिच्छेने तो परत बसविला. सहकारी शिडीवरून खाली आला तो उजव्या हाताचा पंजा कायमचा गमावून. नुकसानभरपाईसाठी संघटनेला दोन वर्षे भांडावे लागले. पंजा काही परत आला नाही. तेव्हापासून आमचा नियम असा: काढलेला किटकॅट आपल्या खिशात. स्विच असेल तर त्यावर चिठ्ठी चिकटवावी आणि घरातील एका माणसास तेथे उभे करावे. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करावा. मेन बंद असताना इन्व्हर्टरने जिवंत ठेवलेली तार हा आजच्या काळातील नवा सापळा आहे.

टेस्टरवर अंधविश्वास नसावा. त्याचा लहान दिवा आपल्याच अंगातून जाणाऱ्या अतिसूक्ष्म विजेवर पेटतो. कोरड्या लाकडी पाटावर उभे राहिल्यास तो जिवंत तारेवरही मंद पेटेल किंवा पेटणार नाही; उलट शेजारच्या तारेच्या प्रभावाने मेलेल्या तारेवरही मिणमिणेल. म्हणून आधी तो खात्रीच्या जिवंत ठिकाणी लावून पाहावा, मग कामाच्या ठिकाणी, आणि नंतर पुन्हा जिवंत ठिकाणी. बटन बंद केले म्हणजे होल्डर मेला, असेही मानू नये. जुन्या कामात बटन पुष्कळदा न्यूट्रलवर बसविलेले असते. दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज तशीच असते. बटन बंद करूनही एलईडी दिवा मिणमिणत राहिला तर हा संशय घ्यावा. दिवा बदलण्यापूर्वी मेन बंद करणे हा भित्रेपणा नव्हे.

प्लग काढून पाहणे, फ्यूज तपासणे, वास घेणे, लिहून ठेवणे, एवढे काम घरच्यांचे. पट्टी उघडणे, तार जोडणे, मेनबोर्डात हात घालणे हे परवानाधारकाचे. आणि त्याने “दहा मिनिटांत करून देतो, मेन बंद करू नका” असे म्हटले, तर त्यास चहा देऊन परत पाठवावे.

शेवटी

आपल्या खोलीचे वायरिंग नवे केले म्हणजे आपण सुरक्षित झालो, असे चाळीत आणि वाड्यात होत नाही. नळ चावला त्या बाईच्या खोलीत काहीही दोष नव्हता. न्यूट्रल सामाईक, अर्थ सामाईक, जिन्याखालील मीटरची जागा सामाईक. मीटरपर्यंतची जबाबदारी वीजकंपनीची, मीटरपुढची आपली. आणि ह्या दोहोंमध्ये जिन्यातल्या जुन्या तारा मालक व भाडेकरू ह्यांच्या वादात वर्षानुवर्षे लोंबत राहतात. वाद न्यायालयात चालू द्यावा. तारेला तारीख पडत नाही. बिऱ्हाडकरूंनी एकत्र बसावे, प्रत्येक खोलीतील जुने-नवे वायरिंग, गीझर आणि अर्थ ह्यांची एका वहीत नोंद करावी, मालकास एकच लेखी अर्ज द्यावा, आणि तोवर वर्गणी काढून निदान एक चांगला अर्थ व प्रत्येक खोलीस एक आरसीसीबी बसवून घ्यावा. त्या चाळीने असेच केले. मालकाने निम्मा खर्च पुढे दिला, तोही दुसऱ्या अर्जानंतर.

सध्या वैशाख आहे, भिंती कोरड्या आहेत. एकदा आता मेगर लावून आकडा लिहून ठेवा आणि दुसऱ्यांदा श्रावणात लावा. दोन आकड्यांत किती अंतर पडले, ते त्या वहीत सर्वांना दिसेल असे लिहा. घराची खरी प्रकृती तेथे कळेल.